‘दुखायचं थांबलं की चालायला लागेन’ म्हणणाऱ्यांचं चालणं कायमचं का सुटतं?

वारणानगर. कोल्हापूर जिल्ह्यातला पन्हाळा तालुका. तात्यासाहेब कोरे यांनी इथं सहकारी साखर कारखाना उभा केला, मागोमाग दूध संघ आला, वारणा बाजार आला, शाळा-कॉलेजं आली. त्यामुळं या खोऱ्यातल्या घरांचं घड्याळ आजही दोन गोष्टींवर चालतं. एक ऊस आणि दुसरं दूध.

पहाटे गोठ्यात दिवा लागतो. शेणघाण, वैरण, धार, मग किटली घेऊन गावातल्या दूध संस्थेत. संध्याकाळी परत तेच. म्हशीला रविवार नसतो आणि दिवाळीची सुट्टीही नसते.

दूध घालायच्या रांगेत कंबरेला पट्टा बांधलेल्या एक मावशी हमखास दिसतात. नाव सांगत नाही, कारण त्या कुणी एक नाहीत. प्रत्येक गावात आहेत, बहुतेक तुमच्या घरातही आहेत. आई, आत्या, नाहीतर चुलते.

त्यांना विचारा, “मावशी, कंबर कशी हाय?”

“काय सांगायचं बाळा, मणक्यात गॅप आलाय. वाकू नको म्हणून सांगितलंय डॉक्टरनी.”

“मग जरा चालायला जावा की.”

“जाणार हाय. एकदा दुखायचं थांबू दे.”

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. दुखतंय तोवर आराम, थांबलं की व्यायाम. पाय मुरगळला असेल तर हा हिशोब बरोबर आहे. पण दुखणं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं टिकून असेल तर हाच हिशोब उलटा पडतो. तो कसा उलटा पडतो, आणि आपल्या माणसाला त्यातून बाहेर यायला कशी मदत करायची, तेच आज समजून घेऊ.

आधी हे बघू, जुनं दुखणं म्हणजे नेमकं काय?

साधा नियम असा की तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेलं किंवा परत परत येणारं दुखणं हे जुनाट दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, अशा दुखण्याला स्वतःची वेगळी जागा दिली आहे. म्हणजे ते दरवेळी दुसऱ्या एखाद्या आजाराचं नुसतं लक्षण असतं असं नाही, कधी कधी दुखणं हाच आजार असतो.

नवं दुखणं म्हणजे घरात चोर शिरल्यावर वाजलेली घंटा. हात भाजला, घंटा वाजली, हात मागं घेतला. काम झालं. जुन्या दुखण्यात मात्र घंटाच जास्त संवेदनशील होऊन बसते. मांजर गेलं तरी वाजते, वारा आला तरी वाजते. घंटा खरीच वाजतेय, आवाज खराच येतोय, पण दरवेळी घरात चोर असतोच असं नाही.

याचा अर्थ ‘दुखणं मनाचं आहे’ असा अजिबात होत नाही. दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त जेवढं दुखतंय तेवढीच इजा होतेय, हे समीकरण जुन्या दुखण्यात लागू पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, “पण एमआरआयमध्ये तर गॅप दिसलाय की!”

२०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या मणक्यांचे फोटो त्यात तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. लक्षात घ्या, हे सगळे न दुखणारे लोक होते.

म्हणजे पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘झीज’ लिहिलेलं असणं हे केस पिकण्यासारखं आहे. काही वेळा त्याचा दुखण्याशी संबंध असतो, बऱ्याच वेळा नसतो. पण ‘गॅप आलाय’ हा शब्द एकदा डोक्यात बसला की माणूस वाकायला, उचलायला, चालायलाही घाबरतो. खरी अडचण तिथून सुरू होते.

हे फक्त म्हातारपणाचं किंवा शहरातलं दुखणं आहे का?

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण लागतं. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या फ्लेमिंगोंसाठी लोक तिथं जातात. पण संधिवातावर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना हे गाव वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमनं १९९६ मध्ये भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं झालेल्या या पाहणीत ४,०९२ प्रौढ माणसांना विचारण्यात आलं. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, कंबर किंवा मानेचं काही ना काही दुखणं होतं.

ऑफिसात खुर्चीवर बसून नाही, तर शेतात राबून. ‘कष्टाची माणसं ठणठणीत असतात’ ही आपली समजूत भिगवणनं तेव्हाच खोडून काढली होती.

जगाचा आकडा तर आणखी मोठा आहे. २०२० मध्ये नुसत्या कंबरदुखीचे ६१ कोटी ९० लाख रुग्ण होते. म्हणजे साधारण तेरा माणसांमागे एक.

आराम केल्यानं दुखणं वाढतं कसं?

आपल्या मावशींचा एक आठवडा बघा.

सोमवारी कंबर जरा बरी असते. मग चार दिवसांची तुंबलेली कामं एकदम. गोठा धुतला, वैरणीचा भारा आणला, गोधड्या धुतल्या. संध्याकाळी कंबर धरते. मंगळवार, बुधवार अंथरुणात. गोळी, शेक, पट्टा. गुरुवारी जरा बरं वाटतं. परत कामं एकदम. शुक्रवारी परत अंथरूण.

प्रत्येक फेरीत दोन गोष्टी होतात. पडून राहिल्यानं स्नायूंची ताकद थोडी कमी होते, म्हणजे पुढच्या वेळी तेवढंच काम जास्त दुखतं. आणि डोकं शिकतं, ‘काम केलं की दुखतं, पडलं की बरं वाटतं.’ हळूहळू माणूस दुखण्याआधीच थांबायला लागतो. आधी शेत सुटतं, मग देऊळ सुटतं, मग लग्नकार्य. वर्षभरानं बघितलं तर दुखणं होतं तिथंच असतं, पण आयुष्य निम्म्यावर आलेलं असतं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट पकडली अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या एका मानसशास्त्रज्ञानं. विल्बर्ट फोर्डाइस त्यांचं नाव. १९६० च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात जुन्या दुखण्याच्या पेशंटबरोबर काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पेशंट कण्हला की गोळी मिळते, कण्हला की आराम मिळतो, कण्हला की घरचे जवळ येऊन बसतात. काही न कण्हता चालला तर मात्र कुणी बघतही नाही.

पेशंट नाटक करत होता असं नाही. शरीर आपोआप शिकत होतं. जसं धार काढायच्या वेळी नुसता बादलीचा आवाज आला तरी म्हैस पान्हा सोडते, तसंच.

मग फोर्डाइस यांनी नियम उलटा केला. गोळी दुखल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची. व्यायाम दुखेपर्यंत नाही, आधी ठरवलेल्या आकड्यापर्यंत करायचा. आकडा गाठला की विश्रांती आणि शाबासकी. म्हणजे विश्रांती ही दुखण्याची कमाई राहिली नाही, कामाची कमाई झाली. १९७६ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि जुन्या दुखण्यावरचे उपचार बदलायला सुरुवात झाली.

विसावा आधीच ठरवायचा

सिएटलची ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडं ती वारीत आहे.

आळंदीहून पंढरपूर म्हणजे जवळपास अडीचशे किलोमीटर. वारकऱ्यांत साठी-सत्तरीची माणसं असतात, गुडघे दुखणारी असतात. तरी ती पोचतात कशी? कारण पालखीचा विसावा आणि मुक्काम आधीच ठरलेला असतो. पाय दुखले म्हणून दिंडी मध्येच थांबत नाही, आणि आज अंगात जोर आहे म्हणून दोन मुक्काम एकदम गाठतही नाही.

जुन्या दुखण्यात चालायचं ते असंच. फिजिओथेरपिस्ट साधारण ही रीत वापरतात:

पहिले तीन दिवस फक्त मोजायचं. दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं? समजा मावशींचं आलं १२, ८ आणि १०. सरासरी १० मिनिटं.

सुरुवात १० पासून करायची नाही. त्याहून थोडं कमी, म्हणजे ८ मिनिटांपासून करायची.

मग रोज ८. आज बरं वाटतंय म्हणून २० नाही आणि आज दुखतंय म्हणून शून्य नाही. ८ म्हणजे ८.

आठवडा नीट गेला की एक मिनिट वाढवायचं. दोन महिन्यांत मावशी १६ मिनिटांवर येतात. आकडा छोटा वाटतो, पण ज्या बाईनं वर्षभर चालणंच सोडलं होतं तिच्यासाठी हा गावाला वळसा आहे.

हाच नियम कामालाही. सगळी वैरण एका भाऱ्यात आणायची नाही, दोन खेपा करायच्या. भाकरी एका बैठकीत वीस थापायच्या नाहीत, दहा झाल्या की उठून दोन मिनिटं उभं राहायचं. दुखण्याची वाट न बघता उठायचं, हे महत्त्वाचं.

यात अवघड दिवस कोणता? दुखण्याचा नाही, बरं वाटण्याचा. त्या दिवशी ‘एवढं उरकून टाकते’ हा मोह आवरणं हीच खरी शिस्त.

पण सवय टिकत का नाही?

चालायला पाहिजे हे कुणाला माहीत नाही? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी कुणीतरी पाठवतंच. माहिती कमी पडत नाही, ती रोजच्या दिवसात बसवणं जमत नाही.

यासाठी वारणेचीच एक गोष्ट ऐका.

१९९८ मध्ये इथल्या जवळपास सत्तर गावांत कॉम्प्युटर बसवले होते. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून या प्रकल्पाचं देशभर नाव झालं. पुढं काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या टीमनं येऊन बघितलं, तर शेतकऱ्यांना त्यातून हवं होतं ते अगदी साधं. आपल्या उसाचं वजन किती भरलं, खत किती मिळणार, तोड कधी. मग सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी मोबाइलवर एसएमएसनं तीच माहिती देऊन बघितली. ते जमलं. नवं यंत्र शिकण्यापेक्षा माणसाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूवर काम बसवलं की ते चालतं.

सवयीचंही असंच आहे. नवी सवय जुन्या सवयीच्या खुंटीला अडकवायची.

‘रोज चालायचं’ हा नुसता संकल्प झाला. ‘संध्याकाळचं दूध घातलं, किटली रिकामी झाली, की घरी न येता मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं’ ही योजना झाली. दूध घालणं मावशी काही केल्या विसरत नाहीत. त्यामुळं चालणंही विसरत नाहीत. तुमच्या घरी म्हैस नसेल तर चहा असेल, मुलाची स्कूल बस असेल, सातच्या बातम्या असतील. ज्या गोष्टीत खाडा पडत नाही अशी कुठलीही खुंटी चालते.

किती दिवसांत सवय लागते? ‘एकवीस दिवस’ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं.

म्हणून बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर ‘माझ्यातच दम नाही’ असं समजू नका. अजून अर्धी वाटही झालेली नसते.

आणखी एक. ‘वजन कमी करायचं’, ‘फिट व्हायचं’ असली ध्येयं मावशींची नसतात, ती आपली असतात. त्यांना विचारा, “कंबर थोडी साथ देईल तर काय करायचंय?” उत्तर येईल, “जोतिबाला जायचंय. तीन वर्षं झाली गेले नाही.” बस्स. वाडी रत्नागिरीचा डोंगर समोर दिसतोय. आठ मिनिटांना आता अर्थ आला. रोजचं चालणं जोतिबाच्या पायऱ्यांसाठी आहे.

घरच्यांनी काय करायचं?

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः पेशंट नसतील, पण पेशंटच्या शेजारच्या खोलीत असतील. तुमचं काम मोठं आहे.

आपण दोन टोकांच्या चुका करतो.

पहिली चूक मायेची. “आई, तू राहू दे. मी करते. तू पड.” दर वेळी हातातलं काम काढून घेतलं की सुरुवातीला बरं वाटतं, पण संदेश जातो, ‘तुझ्यानं आता होत नाही.’ ज्या घरात अशी अति काळजी घेतली जाते तिथं पेशंटची हालचाल आणखी कमी होते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय.

दुसरी चूक तुसडेपणाची. “तुझं रोजचंच आहे.” “रिपोर्टमध्ये तर काही नाही.” यानं तर माणूस आणखी आक्रसतो. दुखणं खरं आहे हे पटवून देण्यातच त्याची निम्मी ताकद जाते.

मधला रस्ता काय?

रोज सकाळी ‘आज दुखतंय का?’ हा प्रश्न बंद करा. त्यानं सगळं लक्ष परत दुखण्यावरच जातं. त्याऐवजी विचारा, ‘आज देवळापर्यंत गेलीस का? वाटेत कोण भेटलं?’

काम काढून घेऊ नका, वाटून घ्या. “भारा मी आणतो, तू धार काढ.”

उपदेश देऊ नका, सोबत द्या. “आई, चालायला जात जा” हे दहा वेळा बोलण्यापेक्षा एकदा चप्पल घालून दारात उभे राहा.

आणि जबरदस्ती नको. आकडा त्यांनीच ठरवू दे. दुसऱ्यानं ठरवलेला आकडा दुसऱ्याच्याच डोक्यात राहतो.

मध्येच दुखणं उसळलं तर?

उसळणार. हे आधीच सांगितलेलं बरं. पाऊस, प्रवास, लग्नघर, काळजी, जागरण, कशानंही दोन-चार दिवस दुखणं वाढतं. बहुतेकांच्या सवयी इथंच मोडतात, कारण वाटतं, ‘झालं, चालल्यामुळंच वाढलं.’

म्हणून बऱ्या दिवसांतच एक चिठ्ठी लिहून ठेवा. फ्रिजवर लावा, नाहीतर देवघराशेजारी. त्यात एवढंच:

दुखणं उसळलं तर चालणं बंद करायचं नाही, निम्मं करायचं.
शेक घ्यायचा, शांत श्वास घ्यायचा, झोप सांभाळायची.
दोन-तीन दिवसांनी परत आधीच्या आकड्याकडं हळूहळू जायचं.
नेहमीपेक्षा वेगळं काही वाटलं तर डॉक्टर.

दुखणं चढलेलं असताना डोकं चालत नाही. तेव्हा ही चिठ्ठी आपल्या वतीनं विचार करते.

नुसत्या चालण्यानं खरंच फरक पडतो का? ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं आणि दुखण्याबद्दल समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला काही नाही. दुसऱ्या गटात कंबर परत धरायला मध्यात ११२ दिवस लागले, चालणाऱ्या गटात २०८ दिवस. दुखणं कायमचं गेलं असं नाही, पण दोन दुखण्यांमधला बरा काळ जवळपास दुप्पट झाला.

मग पट्टा, गोळ्या, इंजेक्शनचं काय?

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शिफारस आहे ती समजावून सांगण्याची, व्यायामाची, मानसिक आधाराच्या उपचारांची आणि गरजेपुरत्या काही वेदनाशामक औषधांची. आणि सरसकट वापरू नयेत अशा गोष्टींच्या यादीत काय आहे? कंबरेचा पट्टा, वजन लावून मणका ओढणं आणि अफूवर्गीय गोळ्या.

म्हणजे आपल्याकडं जे सगळ्यात आधी होतं, ते यादीत नको त्या बाजूला आहे.

वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर, किडनी आणि रक्तदाब तिन्हीला त्रास होऊ शकतो. आणि नाव नसलेल्या पुड्या तर नकोच. ‘एका पुडीत मोकळं वाटलं’ असं ऐकलं की समजा, त्यात स्टेरॉइड असू शकतं. मात्र चालू असलेलं औषध हा लेख वाचून एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

आणि ही लक्षणं असतील तर व्यायामाच्या आधी डॉक्टर: लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं. सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडत असतील, सुजत असतील तर तो संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो. त्यावर औषधं आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात.

आणि ज्याला थांबताच येत नाही, त्यानं काय करायचं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही.

कारखान्याचा भोंगा वाजला की या पट्ट्यात ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशोब टनावर, अंगावर उचल घेतलेली, डोक्यावर मोळी. त्या बाईला ‘दर वीस मिनिटांनी विसावा घ्या’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं विसावा घेतला तर टन कमी भरतात.

इथं दोष तिच्या सवयीचा नसतो, कामाच्या रचनेचा असतो. सवय बदला हा सल्ला ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्यालाच लागू पडतो. बाकीच्यांसाठी आधी काम बदलावं लागतं. मोळीचं वजन, फडापासून गाडीपर्यंतचं अंतर, उचलताना दोघं असणं, फडावर पाणी आणि सावली. घरच्या गोठ्यातही तसंच. बसून धार काढायला उंच पाट, लांब दांड्याचं फावडं, वैरणीसाठी ढकलगाडी. यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्त आहेत, फक्त त्या बाईसाठी आणाव्यात असं घरातल्या कुणाला सुचत नाही.

सगळ्या समाजाची समजूत बदलता येते का? येते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ मध्ये टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. सांगणं एकच, कंबर दुखली म्हणून पडून राहू नका, हालचाल चालू ठेवा, कामाला लागा. लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली आणि कंबरदुखीपायी होणारे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले.

आपल्याकडं टीव्हीची जाहिरात नसली तरी चालेल. गावात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे, बचत गट आहे आणि रोज दोनदा सगळं गाव जिथं एकत्र येतं ती दूध संस्था आहे. तिथून चार बायका किटली रिकामी करून एकत्र देवळापर्यंत चालायला लागल्या तर पाचवी आपोआप येते. वारणा खोऱ्यात ऊस आणि दूध दोन्ही याच हिशोबावर उभे राहिले, एकट्याला जमत नाही ते चौघांनी मिळून करायचं.

त्यामुळं आज संध्याकाळी घरी गेलात की आईला गोळी घेतलीस का, हे विचारा जरूर. पण त्याच्याआधी चप्पल घाला आणि म्हणा, “चल, आठच मिनिटं. दुखत असेल तरी चल, हळूहळू जाऊ.”